नडगीचं हाड कसं वाचलं? स्कीइंगच्या अपघातांचा हिशोब

पायांना लांब पट्ट्या, म्हणजे स्की, अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं, ते स्कीइंग. गुलमर्ग किंवा औलीला जाण्याआधी "डॉक्टर, यात धोका किती?" असं विचारणारे पेशंट हल्ली भेटतात. उत्तर द्यायचं तर कोणीतरी आधी अपघात मोजलेले असायला हवेत.

पूर्वी बूट स्कीला घट्ट जखडलेला असे. माणूस पडला की स्की बर्फात अडकायची, तरफेसारखी फिरायची आणि नडगीचं हाड पिळवटून मोडायचं. अमेरिकेत पोर्टलंडला राहणारा नामांकित स्कीपटू ह्यालमार ह्वाम याचा पाय १९३७ मध्ये असाच मोडला. पडल्यावर आपोआप सुटणारी पकड, म्हणजे बाइंडिंग, त्यानं तयार केली आणि १९३९ मध्ये तिचं पेटंट मिळवलं.

तरीही पाय मोडतच राहिले. पकड किती ताणाला सुटावी, हा खरा प्रश्न होता. लवकर सुटली तर माणूस भर वेगात आदळतो, उशिरा सुटली तर हाड जातं. नुसत्या अंदाजानं हे ठरत नाही.

१९७२ मध्ये व्हर्मांट राज्यात, शुगरबुश भागातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दवाखान्यात अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली यांनी नोंदी सुरू केल्या. येणाऱ्या प्रत्येक जखमीची इजा लिहायची आणि त्याची पकडही तपासायची. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: ज्यांना काहीच झालं नाही अशांचीही पाहणी त्यांनी केली. शिवाय डोंगरावर एकूण किती जण आले, हेही मोजलं. नुसतं 'शंभर जण जखमी' म्हणून काही कळत नाही. ते हजारांतले शंभर की लाखातले? म्हणून हिशोब दर हजार स्कीअर-दिवसांमागे मांडला जातो.

हे काम काही दशकं चाललं. पकडी आणि बूट सुधारले, नडगीची फ्रॅक्चर ८० टक्क्यांहून अधिक घटली. पण त्याच वह्यांनी नकोशी बातमीही दिली: गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट फाटण्याचं प्रमाण वाढत होतं. पकड नडगीला वाचवत होती, गुडघ्याला नाही. मग गुडघा नेमका कसा पिळतो हे शोधून त्यांनी स्की प्रशिक्षकांना आणि बचाव पथकांना शिकवलं. १९९५ च्या शोधनिबंधानुसार शिकवलेल्यांमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी कमी झाल्या.

एका डोंगराच्या नोंदी खुल्या केल्या, त्याचा हा परिणाम. बाकीच्यांचं काय? अमेरिकेत रिसॉर्टची संघटना देशभराच्या मृत्यूंचे आकडे देते, पण कुठल्या रिसॉर्टवर किती अपघात झाले हे सांगत नाही. कॅलिफोर्नियात २०१० मध्ये विधिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं. रिसॉर्टनी सुरक्षा आराखडा करावा आणि मृत्यूंची माहिती द्यावी, एवढंच त्यात होतं. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी ते नाकारलं. कोलोरॅडोमध्ये २०२१ ला तसंच विधेयक समितीतच पडलं.

आकड्यांमुळे गैरसमज होतील, मोठी रिसॉर्ट उगाच बदनाम होतील, असा एक आक्षेप असतो. तो अगदीच खोटा नाही. पण त्यावर उपाय म्हणजे येणाऱ्यांची संख्याही सांगणं, आणि बरीच रिसॉर्ट तीही झाकून ठेवतात. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या संस्थेकडे हिमस्खलनातल्या मृत्यूंची १९३६-३७ च्या हिवाळ्यापासूनची नोंद आहे. तिथे जायचं कोणी थांबवलेलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर स्की भाड्यानं घेताना वजन, उंची, वय आणि अनुभव खरा सांगा. पकड किती ताणाला सुटेल हे त्यावरून लावतात. (वजन चारचौघांत सांगायला लाज वाटते, ठाऊक आहे, कागदावर लिहून द्या.) आणि गेल्या मोसमात इथे किती जण आले, किती जखमी झाले, हेही काउंटरवर विचारा.