उजेडाची सरमिसळ

‘कॅमेरा मुसलमानांनी शोधला’ हे वाक्य आपल्या सभा-संमेलनांतून हमखास ऐकू येते. ऐकायला गोड, पण खरे नाही. छिद्रातून आलेल्या उजेडाची प्रतिमा उमटते, याची नोंद चीन आणि ग्रीसमध्ये शेकडो वर्षे आधी झाली होती. बसऱ्यात ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या इब्नुल हैसम यांचे मोठेपण वेगळ्या जागी आहे.

‘किताबुल मनाझिर’ या सात खंडांच्या ग्रंथात त्यांचा एक प्रयोग आहे. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर, बाहेर, वेगवेगळ्या जागी दिवे ठेवायचे. आत भिंतीवर जितके दिवे तितके ठिपके. एक दिवा झाका, नेमका त्याचाच ठिपका जातो. सगळा उजेड एकाच छिद्रातून येतो, तरी एकमेकांत मिसळत नाही. मी वर्गात दोन मेणबत्त्या आणि पुठ्ठा घेऊन हे करते, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलीही उठून पुढे येतात.

मग सरमिसळ होते कुठे? घेणाऱ्याच्या ठिकाणी. समोरच्या प्रत्येक बिंदूचा उजेड डोळ्याच्या प्रत्येक बिंदूवर पडतो. तरी चित्र स्पष्ट कसे? त्यांनी उत्तर दिले की, लंबरूप येणारा किरणच कामाचा, तिरपे किरण कमजोर. हे उत्तर चुकले. डोळ्यातले भिंग किरण पडद्यावर एकत्र आणते, हे केप्लरने १६०४ मध्ये दाखवले. प्रश्न मात्र अचूक होता, आणि डिजिटल कॅमेऱ्यापुढे तो नव्याने उभा राहिला.

अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी १९६९ मध्ये सीसीडीची कल्पना मांडली. उजेडाने तयार झालेला विद्युतभार यात रांगेने पुढे सरकवला जातो. जुन्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर लग्नमंडपातल्या दिव्यामागे उभी पांढरी रेघ दिसायची, आठवते? सरकत्या रांगेत चोरून शिरलेला तो उजेड. त्यासाठी रांगेवर धातूचे झाकण घालत; तरी कडेने थोडा उजेड शिरेच.

पुढे सीमॉस सेन्सर आले. यात प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते; ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयरची, पेटंट १९७६ चे. लाल गाळणीतून तिरपा शिरलेला किरण शेजारच्या हिरव्याच्या घरात गेला की रंग मळतो. त्यातून तारांचे थर उजेडाच्या वाटेतच असत, आणि त्यांवर आपटून किरण भरकटत. शिवाय लाल उजेड सिलिकॉनमध्ये खोल जातो. तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारी भटकतात. पिक्सेलवर सूक्ष्म भिंगे बसवली, थोडा फरक पडला. २००९ मध्ये सोनीने हँडीकॅममध्ये उलटा केलेला सेन्सर आणला. तारा मागे, उजेड थेट आत.

पिक्सेल लहान होत गेले तसे शेजारी अधिकच जवळ आले. शेवटी पिक्सेलांमध्ये खोल चर खणून भिंतीच घातल्या. सॅमसंगने २०१३ मध्ये असा सेन्सर आणला तेव्हा सरमिसळ सुमारे ३० टक्के घटल्याचे सांगितले. चरातल्या ऑक्साइडचा अपवर्तनांक सिलिकॉनपेक्षा कमी असतो, म्हणून तिरपा किरण भिंतीवरून पूर्ण परावर्तित होऊन आपल्याच घरात परततो. आज या घरांची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, आणि भिंत त्याहून कितीतरी पातळ.