अंकीय ध्वनीतील 'टक्'चा इतिहास

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी नावाचे गाव आहे. तेथील एका विज्ञानशिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने एक छोटे मंडल घरीच जोडले. संगणकाकडून येणाऱ्या संख्यांचे ते पुन्हा आवाजात रूपांतर करते. गाणे छान वाजते, पण मधूनच 'टक्' असा आवाज येतो. सगळ्या जोडण्या तपासल्या, डाग पुन्हा दिले, तरी तो जात नाही. मग तो येतो कोठून, असे त्यांनी विचारले. मी उलट एकच प्रश्न केला : दोन 'टक्'च्या मध्ये किती वेळ जातो? उत्तर आले, जवळजवळ शंभर सेकंद, आणि दर वेळी तितकाच.

तबकड्यांवर गाणी ऐकलेल्या पिढीला हा प्रश्न नवा वाटणार नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर आडवा ओरखडा असला की सुई दर फेऱ्याला त्यावरून जाते आणि सुमारे ०.७७ सेकंदाने 'खट्' ऐकू येते. सावकाश फिरणाऱ्या, ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर हेच अंतर १.८ सेकंद होते. ठेका फेऱ्याशी जुळला तर दोष तबकडीत; जुळला नाही तर तो शोधायचा दुसरीकडे. अंकीय ध्वनीत ओरखडा नसतो, सुईही नसते. पण ठेक्यावरून दोष ओळखण्याची युक्ती तेथेही चालते, आणि अभियंत्यांना ती शिकावी लागली ती मुख्यतः टेलिफोनमुळे.

१९३७ साली अ‍ॅलेक रीव्ह्ज हा इंग्रज अभियंता पॅरिसमधील एका टेलिफोन प्रयोगशाळेत काम करीत होता. लांबच्या तारेवर आवाज क्षीण होतो, म्हणून तो वाटेत पुन्हा पुन्हा वाढवावा लागतो. पण त्याबरोबर तारेतील खरखरही वाढते आणि टप्प्याटप्प्याने साचत जाते. रीव्ह्जने वेगळा मार्ग काढला. ध्वनिलहरीची उंची ठराविक काळाने मोजायची, ते माप संख्येत लिहायचे आणि तारेतून केवळ 'स्पंद आहे' किंवा 'स्पंद नाही' एवढेच पाठवायचे. स्पंद कितीही मळला तरी तो होता की नव्हता हे ओळखता येते, आणि पुढच्या टप्प्यावर तो नव्याने, स्वच्छ घडवता येतो. त्या काळच्या व्हॉल्व्हनी ही यंत्रणा बांधणे फार महाग होते. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ साली, अमेरिकेत ती टेलिफोनच्या रोजच्या वापरात आली.

भारतात ही पद्धत प्रथम मुंबईत आली : १९७५ साली मुंबई शहर आणि अंधेरी यांच्या टेलिफोन एक्स्चेंजांदरम्यान. एक्स्चेंजांना जोडणाऱ्या जमिनीखालच्या केबली महाग, आणि त्या वाढवायच्या तर रस्ते खणायला हवेत. अंकीय पद्धतीत तारांच्या दोन जोड्यांवर दोन डझनांहून अधिक संभाषणे एकाच वेळी नेता येतात. प्रत्येक आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि दर माप ८ बिटांत लिहायचे, हा टेलिफोनचा हिशेब. पुढे १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. असे पहिले एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. घरात सीडी येण्याच्या कितीतरी आधी खेड्यातल्या माणसाने अंकीय आवाज ऐकला तो असा, आणि बहुधा त्याच्या नकळत.

खरखर गेली. पण एक नवी अडचण पुढे आली. मापे पाठवणाऱ्या एक्स्चेंजचे स्वतःचे घड्याळ असते आणि ती वाचणाऱ्याचेही. दोन्ही स्फटिकावर चालतात, पण कोणतेही दोन स्फटिक अगदी सारखे नसतात. समजा, त्यांच्यात दशलक्षात ५० भागांचा फरक आहे. मनगटी घड्याळात एवढ्याने दिवसाला चार-साडेचार सेकंदांची चूक होईल, जी आपण खपवून घेतो. सेकंदाला ८,००० मापे असताना मात्र दर सेकंदाला ०.४ माप उरते किंवा कमी पडते. म्हणजे दर अडीच सेकंदांनी एक माप टाकून द्यावे लागते, नाही तर तेच दोनदा वाचावे लागते. लहर त्या ठिकाणी तुटते. अशी अचानक उडी गणिताने उलगडली तर तिच्यात लहान-मोठ्या सर्व वारंवारता एकदम सापडतात, आणि कानाला तोच 'टक्' ऐकू येतो. बोलण्यात तो पुष्कळदा लपतो. फॅक्सच्या चित्रात मात्र ओळ बिघडते.

दोन ठिकाणच्या घड्याळांचा मेळ किती महत्त्वाचा, हे दुसऱ्या महायुद्धातील एका यंत्रणेने आधीच दाखवले होते. १९४३ साली वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात गुप्त संभाषणासाठी बेल प्रयोगशाळेने बांधलेली सिगसॅली यंत्रणा आवाजाची मापे घेऊन त्यांत यदृच्छ संख्या मिसळत असे. या संख्या कोठे साठवल्या होत्या? तबकड्यांवर! दोन्ही शहरांत एकसारखी तबकडी, आणि दोन्ही फिरवणाऱ्या मोटारी अचूक स्फटिकांच्या तालावर चालणाऱ्या. एक तबकडी किंचित मागे पडली, की ऐकणाऱ्याच्या कानी शब्दांऐवजी निव्वळ गोंगाट.

टेलिफोनवाल्यांनी उपाय काढला तो असा : देशातील एक घड्याळ मुख्य मानायचे आणि बाकीच्या एक्स्चेंजांनी येणाऱ्या स्पंदांवरूनच आपला ताल धरायचा. दोन देशांमध्ये कोणी कोणाचे घड्याळ मानायचे हा प्रश्न अवघड. म्हणून तेथे दोघांनीही १०० अब्जांत एक भागाहून अधिक चूक न करणारी घड्याळे ठेवावीत, असे ठरले. दोन्ही घड्याळे विरुद्ध दिशांना चुकली तरी अशी घसरण फार तर ७२ दिवसांतून एकदा होईल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्यावे : दोन मापांतील अंतर १२५ मायक्रोसेकंद आहे, एवढे सांगितले की पुरे.

आता शंभर सेकंदांचा उलगडा करू. गाण्यासाठी सेकंदाला ४४,१०० मापे लागतात. हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला, कारण सुरुवातीला अंकीय ध्वनी तिच्यावर साठवीत. सेकंदाला ६० अर्धचित्रे, प्रत्येकात उपयोगाच्या २४५ रेषा, दर रेषेत ३ मापे. गुणाकार करून पाहा. आपल्याकडच्या ५० अर्धचित्रांच्या पद्धतीत २९४ रेषा घेतल्या तरी तोच आकडा येतो. संगणकाचा स्फटिक आणि त्या मंडलातला स्फटिक यांत दशलक्षात १०० भागांचा फरक असेल तर सेकंदाला ४.४१ मापे जास्त येतात. मंडलात आलेली मापे क्षणभर थांबवणारा साठा असतो. त्यात ४४१ मापांची मोकळी जागा असेल, तर ती बरोबर शंभर सेकंदांत भरते. साठा उतू जातो, मापे गळतात, 'टक्' होतो आणि मोजणी पुन्हा सुरू होते. सैल तार इतकी वक्तशीर नसते.

खात्रीसाठी गाण्याऐवजी निव्वळ शांततेची फाइल वाजवावी. शून्यांतले काही शून्य गळले तर कोणालाच कळत नाही, म्हणून घड्याळांच्या भांडणातून आलेला 'टक्' शांततेत नाहीसा होतो. तो टिकला, तर दोष विजेच्या पुरवठ्यात किंवा भू-जोडणीत आहे. कदाचित शेजारचा फ्रिज चालू-बंद होत असेल. 'टक्' अनियमित असून संगणकावर दुसरे काम चालू केल्यावर वाढत असेल, तर मापे वेळेवर पोचत नाहीत, साठा रिकामा पडतो.

उपाय सीडीच्या जन्मातच सापडतो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. त्यात मुख्य घड्याळ एकच असते आणि चकती फिरवणारी मोटार त्याच्या हुकमतीत असते. साठा भरू लागला की चकती हळू, रिकामा होऊ लागला की जलद. मला ही रचना फार आवडते. पुढे चकती वाचणारा भाग आणि आवाज बनवणारा भाग अशा दोन पेट्या विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा जुने भांडण परत आले आणि येणाऱ्या स्पंदांतून ताल उचलणारी मंडले जोडावी लागली. सराटीच्या मंडलातही तेच करायचे : त्याच्या स्फटिकाला मुख्य मानायचे आणि साठा पाहून संगणकाकडून मापे मागवायची.

'टक्'ऐवजी मंद आवाजात सतत किरकिर येत असेल, तर मात्र घड्याळाला दोष देऊ नये. मग चूक वेळेत नसून संख्येत असते. रोधकांच्या शिडीने १६ बिटांचे रूपांतर करताना ३२,७६७ वरून ३२,७६८ वर जायचे असते, तेव्हा खालच्या पंधरा कळा बंद होऊन सर्वांत वरची एकटी चालू होते. तिचा रोधक १ टक्क्याने जरी जास्त असला तरी एक पायरी चढण्याऐवजी लहर सुमारे ३२७ पायऱ्या खाली येते. आणि शांतता नेमकी याच मधल्या जागी असते, म्हणून हळू स्वरांचे हाल होतात. कळा एकाच क्षणी बदलल्या नाहीत, तर वर एक उंच काटाही उमटतो. हे काम इतके नाजूक होते की फिलिप्सच्या अभियंत्यांनी सुरुवातीच्या प्लेअरमध्ये १४ बिटांचाच रूपांतरक घेतला, त्याला चौपट वेगाने, सेकंदाला १,७६,४०० वेळा चालवले आणि उरलेली अचूकता गणिताने भरून काढली. शाळेत शिडी बांधायचीच असेल तर ८ बिटांची बांधावी, आणि एकाच पाकिटातले रोधक मल्टिमीटरने मोजून, जास्तीत जास्त जुळणारे वरच्या पायऱ्यांना लावावेत.