सरांची फाईल

दोन वर्षांपूर्वी लातूरला गेले तेव्हा मराठीच्या सरांच्या घरी डोकावले. काकूंनी एक सीडी हातात ठेवली. "तू कॉम्प्युटरवाली, तुला वाचता येईल बघ," म्हणाल्या. आत 1998 सालची एकच फाईल होती. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर यांचा नुसता काला.

आपण तेव्हा आठवीत होतो. 29 सप्टेंबर 1993ला गणपती विसर्जन झालं आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी-सास्तूर भागात जवळजवळ दहा हजार माणसं गेली. सर मदत घेऊन तिकडे गेले होते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी ते लिहून ठेवलं होतं, हे मला काकूंकडून कळलं. शाळेच्या अंकासाठी डीटीपी करून घेतलेला तो लेख पानं वाढतात म्हणून राहून गेला होता.

खरं तर युनिकोडच्या 1991च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. भारतीय लिपींचं ‘इस्की’ हे प्रमाणही त्याच वर्षीचं. पण आपल्याकडच्या डीटीपी सेंटरमध्ये विंडोज 95 आणि पेजमेकर होते. तिथले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी अक्षरांची चित्रं, आणि ही मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी. ‘श्रीलिपी’तला मजकूर ‘आकृती’त वाचता येत नसे. फॉन्ट हरवला की मराठी हरवली. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली 2000 साली, र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या ‘मंगल’ फॉन्टसोबत. (नांदेडला इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आभाराचं पान मला मराठीत हवं होतं. ते शेवटी मी हातानं लिहिलं!)

सरांच्या फाईलचा फॉन्ट कुठंच मिळेना. मग शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते आधी मोजलं. वाक्याच्या शेवटी सारखा येणारा शब्द ‘होते’ असणार, मधला ‘आणि’ असणार, असं करत जवळपास दोनशे चिन्हांचा तक्ता जमला. ऑफिसात मी याहून मोठी कामं करते, पण इतकी जागत नाही.

तक्ता जमला तरी ‘किल्लारी’ काही नीट उमटेना. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आपण हातानं काढतो तशी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं याच्या बरोबर उलट. त्यामुळे वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे ठेवायची, आणि जोडाक्षर असेल तर ते पूर्ण ओलांडून. हा नियम लिहायला तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी पडद्यावर पहिलं वाक्य आलं. सरांचंच, छोटं, क्रियापद शेवटी. पुढचं लगेच वाचवलं नाही.

काकूंना मोठ्या टायपात छापून दिलं. नातवाकडून दोनदा वाचून घेतलं म्हणे त्यांनी.

तो लेख या स्मरणिकेत पुढे छापला आहे. त्यातलं एक चिन्ह फाईलभर एकदाच येतं, ते मला सुटलं नाही. वर्गावर्गांनी जमवलेल्या सामानाच्या यादीत आठवी ‘ब’पुढे ‘चादरी’, ‘ज्वारी’ आणि मग एक चौकोन दिसेल. आपण आणखी काय दिलं होतं, कुणाला आठवतं का?