महाराष्ट्री प्राकृत महाकाव्यांचा शब्दसंग्रह

वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. येथील राजा सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात रचलेले ‘हरिविजय’ महाकाव्य लुप्त झाले असून अलंकारग्रंथांतील अवतरणांपुरतेच उरले आहे. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतील प्रवरसेन द्वितीय याचे ‘सेतुबंध’ मात्र १५ आश्वासांत उपलब्ध आहे. त्याच्या वाचनासाठी आरंभी तद्भव शब्द आत्मसात करावेत. हत्थ (हात), कण्ण (कान), अग्गि (आग) हे मराठी वाचकास परके नाहीत. स्वरांमधील ग, ज, त, द यांचा बहुधा लोप होत असल्याने ‘गअ’ म्हणजे ‘गत’ की ‘गज’, हे संदर्भावरूनच ठरते. संस्कृतातून न उलगडणाऱ्या देशी शब्दांसाठी हेमचंद्राची १२व्या शतकातील ‘देशीनाममाला’ पाहावी. शब्दच विसरले गेल्यास उरलेले काव्यही अबोल होईल.