निगराणी
शिष्यवृत्तीच्या शेवटच्या रात्री संकेतस्थळाचे चक्र फिरतच राहिले. माझ्या वर्गातल्या मुलीचा अर्ज राहिला.

आमच्या साकोली भागातले मालगुजारी तलाव आठवले. पाळ, गाळ, पाण्याची पातळी यांवर गावाची नजर असे. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. देखरेख सुटली, अनेक गाळाने भरले.

‘क्लाउड’ही आकाशात नाही. मायक्रोसॉफ्टचे केंद्र 2015 पासून पुण्यात, ॲमेझॉनचे 2016 पासून मुंबईत आहे. 2012 मध्ये जन्मलेले प्रोमिथियस ठराविक सेकंदांनी सर्व्हरकडून आकडे घेते. मर्यादा ओलांडली की इशारा जातो.

निगराणी आणि जबाबदारी, दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले. पहिली यंत्र करील. इशारा ऐकून उठणे ही दुसरी, ती माणसाचीच.