पुनर्भरण यंत्राची वंशावळ : एका घरगुती अवजाराच्या कालनिश्चितीचा प्रश्न

प्रस्तावना

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या नजरेसमोर प्रथम कागद येतो. सनदा, पत्रव्यवहार, जमाखर्चाच्या वह्या यांवर पोसलेल्या अभ्यासकाला, ज्या वस्तूची कोणत्याही दप्तरात नोंद नाही तिचा काळ ठरविताना अवघडल्यासारखे होते. प्रस्तुत लेखात अशाच एका वस्तूचा विचार केला आहे. रिकामी काडतुसे पुन्हा भरण्याचे यंत्र हे अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या व नेमबाजांच्या घरांत कामाच्या बाकाला बोल्टने जखडलेले आढळते. मालक मरण पावला की ते मुलाकडे वा नातवाकडे येते, आणि त्याच्यासोबत बहुधा एक कथाही येते : हे आजोबांनी युद्धावरून परतल्यावर घेतले, किंवा पणजोबांनी पश्चिमेकडे जाताना नेले होते. यंत्र अस्सल असते. कथेविषयी तसे खात्रीने म्हणता येत नाही.

या यंत्राची नोंद नसण्यामागे कारण आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने प्रत्येक नव्या बंदुकीवर अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले. त्याच कायद्याने पुंगळ्या, प्रायमर व गोळ्या यांना दारूगोळ्याच्या व्याख्येत घेतले. परंतु त्या एकत्र जोडणारे यंत्र मात्र व्याख्येबाहेरच राहिले. त्यामुळे बंदुकीचा माग तिच्या अनुक्रमांकावरून काढता येतो, पुनर्भरण यंत्राचा येत नाही. भारतात याच्या नेमके उलट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात काडतुसे तयार करण्याची यंत्रसामग्री हीच 'दारूगोळा' या संज्ञेत समाविष्ट आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, आणि तोही सरकारी. काडतूस भरणे हा घरचा उद्योग असू शकतो ही कल्पनाच आपल्याकडे रुजली नाही, यात नवल नाही.

पुंगळी, प्रायमर आणि पारा

धातूच्या काडतुसात सर्वांत महागडा भाग म्हणजे पितळी पुंगळी. गोळी सुटते, दारू जळते, प्रायमर फुटतो. पुंगळी मात्र शिल्लक राहते. ती पुन्हा वापरता येईल की नाही हे तिच्या बुडाच्या रचनेवर अवलंबून असते. १८६६ या एकाच वर्षी दोन रचना पुढे आल्या. अमेरिकन हायरम बर्डन याच्या रचनेत ऐरण पुंगळीतच घडविलेली असते आणि तिच्या बाजूंना बारीक छिद्रे असतात. इंग्लंडच्या वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीतील अधिकारी एडवर्ड बॉक्सर याने ऐरण प्रायमरमध्येच बसविली, त्यामुळे पुंगळीच्या मध्यावर एकच छिद्र ठेवणे शक्य झाले. या एका छिद्रातून सुई घालून जुना प्रायमर सरळ बाहेर ढकलता येतो. इंग्रजाची रचना अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची युरोपात, हा इतिहासातील एक गमतीदार उलटफेर म्हणावा लागेल. अमेरिकेत घरगुती पुनर्भरण फोफावले, त्यात या उलटफेराचा वाटा मोठा आहे.

१८७० च्या दशकातील गव्यांचे शिकारी मैदानातच काडतुसे भरून घेत. १८८० च्या दशकात खुद्द अमेरिकन सैन्याच्या तुकड्यांनाही नेमबाजीच्या सरावासाठी पुनर्भरणाची अवजारे दिली जात. मात्र धूरविरहित दारू आल्यावर या उद्योगाला अनपेक्षित धक्का बसला. प्रायमरमधील पारद फल्मिनेट जळल्यावर पारा मोकळा होई. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत तो विरून जाई. नव्या दारूत काजळीच नसल्याने तो थेट पितळेत मुरून पुंगळी ठिसूळ करू लागला. १८९८ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागाराने लष्करी काडतुसांसाठी पारदविरहित प्रायमर स्वीकारला. एका रासायनिक तपशिलाने हजारो घरांतील सवय डळमळावी, ही बाब यंत्रांच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

नाव एक, मालक अनेक

कालनिश्चितीचे पहिले साधन म्हणजे यंत्राचा आकार. जुनी अवजारे पकडीसारखी, दोन दांड्यांची व हातात धरून वापरायची. काळ्या दारूच्या सरळ पुंगळ्यांना तेवढी ताकद पुरे होती. नव्या दारूच्या उच्च दाबाने ताणलेली, निमुळत्या मानेची पुंगळी संपूर्ण लांबीत मूळ मापावर आणायची तर बाकाला जखडलेली, तरफेने चालणारी बिडाची चौकट हवी. रोमन 'सी' अक्षरासारखी ही चौकट विसाव्या शतकातील आहे. पणजोबांनी पश्चिमेकडे नेल्याची कथा अशा यंत्राला जोडलेली असेल, तर ती तेथेच सोडून द्यावी लागते.

दुसरे साधन म्हणजे ओतीव अक्षरे, आणि येथे अभ्यासकाने सावध राहावे. न्यू हेवन येथे जॉन बार्लो याने १८८४ मध्ये 'आयडियल' कंपनी स्थापन केली. १९१० मध्ये ती मार्लिन या बंदूक कंपनीकडे गेली, पुढे आणखी एका हाती फिरली आणि १९२५ मध्ये कनेक्टिकटमधील मिडलफील्डच्या लायमन कंपनीने ती विकत घेतली. तरी 'आयडियल' हे नाव लायमनच्या मालावर नंतरही दीर्घकाळ झळकत राहिले. आपल्या नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे रुपये शाह आलमच्या नावाने, त्याच्या राज्यारोहणाचे एकोणिसावे वर्ष गोठवून, तो १८०६ मध्ये वारल्यानंतरही पाडले जात होते. म्हणून नावापेक्षा गावाकडे पाहावे. न्यू हेवन असेल तर जुना काळ, मिडलफील्ड असेल तर १९२५ नंतरचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक कंपनीचेही असेच. मूळ धंदा बंदुकीच्या दर्शकांचा असलेली ही कंपनी पुढे नेब्रास्कातील लिंकन येथे गेली आणि नंतर त्याच राज्यातील हॉर्नडी कंपनीत विलीन झाली. लिंकनचा पत्ता असलेले यंत्र युद्धावरून परतणाऱ्या आजोबांच्या हाती पडणे शक्य नाही.

पेटंटचा उल्लेख असल्यास काम सोपे होते. १९२७ पूर्वी वस्तूवर पेटंटची तारीख घालण्याची रीत होती, त्या वर्षीच्या दुरुस्तीने क्रमांक घालणे आवश्यक झाले. दहा लाखावा क्रमांक १९११ मध्ये दिला गेला, वीस लाखावा १९३५ मध्ये आणि तीस लाखावा १९६१ मध्ये. यावरून दशक चटकन समजते. मात्र पेटंटचे वर्ष म्हणजे यंत्राचे जन्मवर्ष नव्हे. यंत्र त्यापूर्वीचे नाही एवढेच ते सांगते. अनेक वारसदार नेमके येथे फसतात आणि यंत्राचे वय वीसपंचवीस वर्षांनी वाढवून बसतात.

उत्पादकांच्या सूचीपत्रांना मी बखरीच्या पंक्तीला बसवीन. मिनेसोटातील वासिका येथील हर्टर्स कंपनीची सूचीपत्रे तर आत्मस्तुतीसाठी प्रसिद्ध होती. किमती, चित्रे व सुट्या भागांची नावे त्यांतून घ्यावीत, श्रेष्ठत्वाचे दावे सोडून द्यावेत. त्यांच्या जोडीला फिलिप शार्प यांचा १९३७ चा पुनर्भरणविषयक ग्रंथ ठेवला, तर युद्धपूर्व काळात बाजारात काय उपलब्ध होते याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

खोके आणि साचे

यंत्राहून अधिक बोलके असते ते त्याच्यासोबतचे सामान. खोक्यावरील पत्त्यात शहराच्या नावानंतर एक वा दोन अंकी विभाग क्रमांक असेल तर ते १९४३ नंतरचे, पाच अंकी टपाल क्रमांक असेल तर १९६३ नंतरचे. साचे, म्हणजेच ज्यांना 'डाय' म्हणतात ते, ज्या काडतुसाचे असतील त्याचे मापही तारीख सांगते. 'थर्टी-ऑट-सिक्स' हे १९०६ चे लष्करी काडतूस; त्याचे साचे कोणत्याही दशकातील असू शकतात. '.३०८ विंचेस्टर' बाजारात आले १९५२ मध्ये, '.२४३ विंचेस्टर' १९५५ मध्ये. साच्यांच्या बाह्य आट्यांचे माप कालांतराने बहुतेक कंपन्यांनी एकच ठेवल्यामुळे एका यंत्रात दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या पिढीचे साचे बिनदिक्कत बसतात. म्हणून साच्यांवरून चौकटीचे वय काढू नये. त्यांवरून काढावे ते मालकाचे चरित्र. १९०६ च्या लष्करी मापाचा झिजलेला साचा आणि त्याशेजारी '.२४३' चा जवळजवळ कोरा साचा असे एका खोक्यात सापडले, तर पहिला आजोबांनी वर्षानुवर्षे वापरला आणि दुसरा पुढच्या पिढीतील कोणी हौसेने आणून तसाच ठेवून दिला, असे अनुमान काढता येते. कुटुंबातील कथा पडताळायची ती या झिजेवर.