आधीच बसवलेली विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये का अडते? एका वगळलेल्या गृहीतकाचा इतिहास

तुमच्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतील. एका पार्टिशनवर लिनक्स, दुसऱ्यावर विंडोज. डेटाचं विश्लेषण लिनक्सवर चालतं आणि लॅबमधल्या एखाद्या उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर. सारखं रीस्टार्ट करून कंटाळा येतो आणि मग वाटतं, विंडोज डिस्कवर आहेच ना? मग तीच व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवू. नव्याने इन्स्टॉल कशाला करायची?

करता येतं, पण बऱ्याचदा निळा पडदा दिसतो. नवी विंडोज त्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये विनातक्रार चालते, जुनी मात्र अडते. असं का, हे समजून घ्यायला साठ वर्षं मागे जावं लागतं. आणि संशोधनाकडे वळणाऱ्यांना या गोष्टीतून एक कामाची सवय शिकता येते.

केंब्रिज, १९६४

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी १९६४ च्या अखेरीस सीपी-४० या प्रकल्पावर काम सुरू केलं. एक महागडं यंत्र अनेकांना एकाच वेळी कसं वापरू द्यायचं, हा त्या काळचा मोठा प्रश्न. त्यांचं उत्तर वेगळं होतं: प्रत्येकाला एक अख्खं यंत्र मिळाल्याचा भास द्यायचा. सीपी-४० अशी १४ आभासी यंत्रं उभी करायचं, प्रत्येकाला २५६ के मेमरी. पुढे सीपी-६७ आलं आणि ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० हे अधिकृत उत्पादन जाहीर झालं.

आपला प्रश्न इथेच पहिल्यांदा व्यवहारात आला. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर जाणाऱ्या ग्राहकांना जुनी कामं बंद ठेवून चालणार नव्हतं, आणि दुसरं यंत्र घेणं परवडणारं नव्हतं. मग व्हीएम/३७० च्या खाली जुनी आणि नवी, दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी चालवायच्या. म्हणजे डिस्कवर आधीपासून असलेली सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवणं हे तेव्हाच नेहमीचं काम होतं.

ते जमायचं, कारण व्हीएम/३७० पाहुण्या सिस्टिमला जी उपकरणं दाखवायचं ती खऱ्या उपकरणांच्याच जातीची असत. तीच डिस्क, तसाच प्रिंटर, हवे तर पत्तेही तेच. घर बदललं तरी सामान ओळखीचंच राहायचं.

व्याख्या नेमकी झाली, पण...

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एक शोधनिबंध लिहिला. कुठल्या यंत्रावर व्हर्च्युअल मशीन बांधता येईल, याची त्यांनी औपचारिक अट सांगितली. सोप्या भाषेत ती अशी: यंत्राच्या नियंत्रणाला हात लावणारी प्रत्येक सूचना, साध्या प्रोग्रॅमने वापरली तर अडवली गेली पाहिजे. म्हणजे नियंत्रक मध्ये पडून ती सांभाळू शकतो.

या अटीवर आपले पीसी नापास झाले. २००० साली जॉन रॉबिन आणि सिंथिया आयर्व्हाइन यांनी पेंटियम प्रोसेसर तपासून १७ त्रासदायक सूचना दाखवल्या. काही तर अशा की अडत नाहीत, ओरडत नाहीत, गुपचूप वेगळंच वागतात. त्याआधीच, १९९९ मध्ये व्हीएमवेअरने चालता चालता अशा सूचनांचं भाषांतर करून वाट काढली होती. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय दिली. प्रोसेसरचा प्रश्न मिटला.

मग आपली विंडोज का अडते? तो निबंध पुन्हा उघडा. मांडणी सोपी ठेवण्यासाठी लेखकांनी आपल्या मॉडेलमधून इनपुट-आउटपुट उपकरणं बाजूला ठेवली होती. त्यात गैर काहीच नाही, प्रत्येक मॉडेल काहीतरी वगळतंच. पण वगळलेली गोष्ट नाहीशी होत नाही. पीसीवर ती बरोबर परत आली.

डिस्कला जुनं घर आठवतं

पीसीच्या बाजारात उपकरणांचे प्रकार अगणित. ते सगळे हुबेहूब दाखवणं अशक्य, म्हणून व्हीएमवेअरने मोजकी, सर्वपरिचित उपकरणं निवडली. आतल्या सिस्टिमला तुमचं खरं नेटवर्क कार्ड दिसत नाही, सुरुवातीच्या काळात तिथे एएमडीचं एक जुनं कार्ड दिसायचं. नव्याने इन्स्टॉल केलेली सिस्टिम तेच आपलं घर समजते. पण आधीच बसवलेली विंडोज खऱ्या यंत्राची ओळख डिस्कवर लिहून बसलेली असते. विंडोज एक्सपीच्या काळात तर डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि हार्डवेअरशी बोलणारा थर इन्स्टॉलेशनच्या वेळीच ठरायचा. कंट्रोलर बदलला की सुरुवातीलाच डिस्क सापडेना, आणि निळा पडदा. लिनक्स सुरू होताना उपकरणं नव्याने शोधतं, म्हणून ते सहसा कमी अडतं.

मॅकवर हे ठळकपणे दिसलं. २००६ मध्ये ॲपलच्या बूट कॅम्पमुळे मॅकवर विंडोज बसवता येऊ लागली. २००७ मध्ये पॅरलल्स आणि व्हीएमवेअर फ्यूजन तेच पार्टिशन आभासी यंत्रात चालवू लागले. त्यासाठी आत आधी योग्य ड्रायव्हर पेरावे लागत. शिवाय हार्डवेअर बदललेलं पाहून विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागायची.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. लिनक्समधून उघडलेलं पार्टिशन त्याच वेळी व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजला दिलं, तर दोघंही आपापल्या मेमरीतलं चित्र खरं मानून एकाच डिस्कवर लिहितात. फाइल सिस्टिम बिघडायला तेवढं पुरतं. हायबरनेट केलेली विंडोजही अशी उघडू नका. ती जुन्या यंत्राची जिवंत आठवण घेऊन झोपलेली असते.

आपल्यासाठी काय?

इन्स्टॉल केलेली सिस्टिम म्हणजे फक्त सॉफ्टवेअर नाही, तो एक दस्तऐवज आहे. अटलांटातल्या एमरी विद्यापीठाने २०१० मध्ये मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींचं डिजिटल दफ्तर अभ्यासकांना खुलं केलं. त्यात त्यांच्या जुन्या मॅकचं वातावरण एम्युलेटरमध्ये जसंच्या तसं उभं केलं होतं. प्रोसेसरच वेगळ्या जातीचा, म्हणून तिथे व्हर्च्युअल मशीनऐवजी एम्युलेशन लागलं, पण प्रश्न तोच: बसवलेली सिस्टिम नव्या यंत्रात कशी जागवायची?

जागवलेली सिस्टिम लगेच लिहायला लागते. लॉग बदलतात, तारखा बदलतात, ड्रायव्हर बदलतात. म्हणून लॅबमधला जुना कॉम्प्युटर वाचवायचा असेल, त्यावर कुणाच्या तरी पीएचडीचा डेटा असेल, तर आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढा, तिचा चेकसम नोंदवा, आणि प्रयोग फक्त प्रतीवर करा. मूळ डिस्क कपाटात.

आणि पोपेक-गोल्डबर्ग जरूर वाचा. पेपर जेमतेम दहा पानांचा आहे. वाचताना प्रमेयापाशी थांबण्याआधी 'हे आपण सध्या बाजूला ठेवू' असं जिथे म्हटलंय ती जागा शोधा आणि समासात खूण करा. इथे ती खूण पंचवीस वर्षांनी निळा पडदा होऊन समोर आली. तुमच्या विषयातल्या पेपरमध्ये ती जागा कुठे आहे? कदाचित तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच असेल.